चार वाजून वीस मिनिटं

अक्षरा : ...म्हणजे शटरवरची करडईची फुलं झाली, आडतीच्या भिंतीवरचा नंदी झाला, आणि गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेला फेरी मारून आपण शेवटच्या चित्रापाशी आलो. मान वर करा. पुरुषभर उंचीचं घड्याळ, एकोणीसशे नव्वदमध्ये हातानं रंगवलेलं. ही भिंत माझ्या आजोबांच्या घड्याळाच्या दुकानाची आहे, त्यामुळे इथं सगळ्यांना चहा मिळेल. आता काटे बघा. चार वाजून वीस मिनिटं. जाहिरातीतलं घड्याळ नेहमी दहा वाजून दहा मिनिटं दाखवतं. या चित्रकारानं मुद्दाम वेगळी वेळ निवडली, कारण त्याला बाजारपेठेच्या धावपळीवर भाष्य करायचं होतं.

माणिकप्पा : भाष्य कशाचं? चुकलंय ते. लोकांना खरं सांग की, अक्षरा.

अक्षरा : अज्जा, तुम्ही आत बसणार होता ना?

माणिकप्पा : चौतीस वर्षं ऐकून घ्यायलोय मी. गिऱ्हाईक घड्याळ दुरुस्तीला आणतंय अन् वर बघून हसतंय. म्हणतंय, मालक, आधी तुमचं दुरुस्त करा. सोयरे आले तरी तेच. त्या पेंटरला मी दहा-दहा सांगितलं होतं, कागदावर काढून दिलं होतं.

व्यंकटराव : तो कागद अजून हाय माझ्यापाशी.

अक्षरा : तुमच्यापाशी? काका, सकाळपासून तुम्ही सगळ्यात मागं चालत होता. यादीत नुसतं व्यंकटराव लिहिलंय तुम्ही.

व्यंकटराव : तेवढंच नाव हाय, पोरी. चित्राखाली कधी काढलं न्हाई. मालकाच्या भिंतीवर आपलं नाव कशाला, म्हणलं.

माणिकप्पा : व्यंकट पेंटर? आरं, केस सगळे गेले की तुझे.

व्यंकटराव : तुमचे तरी कुठं राहिलेत, आप्पा.

अक्षरा : बाई गं. म्हणजे मी तुम्हालाच तुमचं भाष्य समजावून सांगत होते.

व्यंकटराव : चांगलं सांगायलीस. मला बी वाटलं, असंल बुवा आपलं भाष्य. पण मी दुसऱ्या कामानं आलोय. कॉलेजची पोरं उद्या ही भिंत नव्यानं रंगवणार हायेत, असं कानावर आलं. रंगवा, लई उडालाय रंग. काट्यांना तेवढा हात लावू नका.

माणिकप्पा : काट्यांसाठीच तर भिंत द्यायलोय मी. विचार हिला. उद्या दहा-दहा होणार.

अक्षरा : मी शब्द दिलाय, काका. त्याशिवाय अज्जा भिंतच देईनात. पण तुम्हाला काटे तसेच का हवेत?

व्यंकटराव : जाऊ दे.

माणिकप्पा : जाऊ दे कसं? एवढ्या वर्षांनी सापडलास. बोल.

व्यंकटराव : आप्पा, त्या दिवशी आकडे काढून झाले होते, काटे राहिले होते. तुमच्या दुकानात फोन वाजला. आठवतंय का?

माणिकप्पा : कुठला म्हणून आठवू? निम्म्या गोलाईचे फोन मलाच यायचे.

व्यंकटराव : माझ्या मेव्हण्याचा होता, उदगीरहून. मंडळी बाळंतपणाला तिकडं गेली होती. तुम्ही फोन ठेवला अन् शिडीखाली येऊन म्हणालात, व्यंकट, मोकळी झाली, चार-वीसला. पोरगी हाय. मी ब्रश टाकून उतराय लागलो. तर तुम्ही म्हणालात, पोरगीच हाय, गडबड काय, काटे काढून जा.

(माणिकप्पा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहतात.)

अक्षरा : अज्जा, असं म्हणालात तुम्ही?

माणिकप्पा : म्हणलो असंन. तवा तसंच बोलायचो आम्ही. आज तुझ्यापुढं ऐकताना लाज वाटायली.

व्यंकटराव : मी तसाच उतरलो अन् एसटी धरली. तिसऱ्या दिवशी परत आलो. तुमचा कागद खिशात होता, पण हातानं चार-वीसच काढलं. तोंडानं बोलायची हिंमत नव्हती, आप्पा.

अक्षरा : आणि मी गावभर बाजारपेठेची धावपळ सांगत सुटले.

माणिकप्पा : नाव काय पोरीचं?

व्यंकटराव : ज्योत्स्ना. नांदेडला शाळेत विज्ञान शिकवती. तुमच्या अक्षरासारखीच हाय, बोलाय लागली की थांबत न्हाई.

माणिकप्पा : तिला दावलंस का हे घड्याळ?

व्यंकटराव : न्हाई. आणायचं म्हणलं की वाटायचं, तुम्ही तिच्यासमोर पुन्हा चुकलंय म्हणाल.

अक्षरा : अज्जा, उद्या पोरं सातला येतील. काय सांगू त्यांना?

माणिकप्पा : सांग की, रंग द्या, आकडे उजळा, खाली व्यंकटचं नाव ठसठशीत काढा. काट्यांना कुणी हात लावायचा न्हाई. अन् व्यंकट, रविवारी लेकीला घेऊन ये.

व्यंकटराव : रविवारी दुकान बंद असतंय की, आप्पा.

माणिकप्पा : चारला उघडतो. चहा व्हायला वीस मिनिटं लागतील.