सुनंदाची मापं

मी खोडदचा. त्या मोठ्या दुर्बिणी हायत ना, त्यांच्या शेजारीच आमचं वावर. पुण्यात कोर्स करून फॉक्सप्रो, म्हंजे कॉम्प्युटरवर नोंदी ठेवायचं साधन, शिकलो आन नारायणगावात दुकानदारांना प्रोग्राम लिवून द्यायला लागलो. काय सांगू तुमाला, निळा पडदा, चित्र न्हाई काय न्हाई, एक ओळ टाईप करा की हव्या त्या माणसाची नोंद हजर. लई गुणी व्हतं राव त्ये. आता नाव काढलं की पोरं हसत्यात.

माझी बायको, सुनंदा, ब्लाऊज शिवायची. मापांच्या वह्या फाटायच्या, म्हणून मी तिलाबी प्रोग्राम करून दिला. नाव, गाव, छाती, बाही, आन शेवटी मेमो, म्हंजे मोकळी जागा, हवं त्ये लिवा. मी म्हणलं, शिवणीचं लिही. तर ही इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायची, माप देताना बाई काय बोलली त्ये सगळं. तळेघरची हाय, लांबून यष्टीनं आली, आधी चहा. ही पोटुशी हाय, घरी अजून सांगितलं न्हाई, शिवण जास्त ठेवायची. मी म्हणायचो, अगं कॉम्प्युटर हाय त्यो, पाणवठा न्हाई. ती म्हणायची, तुमी नका वाचू, बायकांचं हाय. न्हाई वाचलं. येताजाता दिसलं तेवढंच.

मंग ती आजारी पडली, सा महिन्यांत गेली.

पुढं नवा कॉम्प्युटर घेतला. मापांची फाईल फ्लॉपीवर घेतली आन जुनी डिस्क पुसून टाकली. आता ऐका. फॉक्सप्रोत मापं एका फायलीत आन मेमोचा मजकूर शेजारच्या दुसऱ्या फायलीत. दोन्ही घ्याव्या लागत्यात. गिऱ्हाइकांना मी ह्येच बजावत आलो, आन सोता एकच घेतली. शुद्धीत व्हतो. कुणाला शिव्या द्यू?

फॉक्सप्रो फाईल उघडंना. नोटपॅडमधी उघडली तर मापं दिसली, आन जिच्याबद्दल कायतरी लिवलं व्हतं तिच्या नावापुढं एक आकडा, मजकूर दुसऱ्या फायलीत कुठं हाय त्याचा. मजकूर गेला, आकडे राह्यले.

खाली खाली गेलो तर माझंबी नाव. एकदा सदरा शिवला व्हता तिनं मला. गळा पंधरा, बाही तेवीस, आन पुढं आकडा.

लई जणांना दाखवलं, न्हाई मिळालं. अजून बाया येत्यात, म्हणत्यात, भाऊ, ताईंकडं माझं माप व्हतं. मी कागदावर लिवून देतो, देव त्यांचं भलं करो. मंग माझ्या ओळीवर येऊन बसतो. राग असंल, माया असंल, न्हायतर नुसतं डावा खांदा उतरता हाय येवढंच असंल. कायबी असतं तरी चाललं असतं मला.