जोडीनं येतो म्हणलं

गेल्या आठवड्यात सकाळी पावणेसातला, मामा — बरोब्बर पावणेसातला, नळ सुटलता अन् माझी घागर अर्धीच भरलती — तवा ती मडम फोनवर आली. बसा न, बसा. कावून आलात ते कळलंय मला. मुकादम भादव्यात दारात आला म्हणल्यावर काय हळदीकुंकवाला येतो का? पण यंदा आमी ऊसतोडीला न्हाई, त्रिंबकमामा. यंदा आमी इंग्रजी शिकवायला चाललो. व्हिएतनामला. आमी म्हंजी — हे. म्हंजी आमी. चहा घ्या, सांगते.

तुमच्या जावयानं इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, बी.एड. केलं, अन् तुमच्याच टोळीत उसाच्या मोळ्या वाहिल्या. हितं मास्तर व्हायचं तर संस्थाचालकाच्या घरात जल्म घ्यावा लागतो, ते काय बी.एड.ला शिकवत न्हाईत. तिकडं म्हणं तसं न्हाई. तिकडं फकस्त हसावं लागतं. खरंच! नोकरी लावून देणाऱ्या कंपनीच्या पोरीनं आधी समजावलं — सर, हसत ऱ्हावा, उड्या मारा, पोरांना खेळवत शिकवा. आता ह्यांना जल्मात कुण्या मास्तरनं हसून शिकवलं न्हाई, छडीनं शिकवलं, तर हे हसू आणणार कुठून? पोळ्यापासून गोठ्यात सराव. म्हशीपुढं उड्या मारायचे — धिस इज अ काऊ, धिस इज अ काऊ — अन् म्हैस आपली बघती. सासूबाईंनी एकदा बघितलं अन् ह्यांच्यावरून लिंबूच उतरवून टाकलं.

तर त्या दिशी तिकडच्या शाळेची मडम फोनमधी दिसली अन् म्हणली, शिकवून दावा. पण पोरगं कुठाय? मी आमची रोहिणी बसवली ह्यांच्या पुढ्यात. बापाला उड्या मारताना बघून ती खदाखदा हसाया लागली, तिचं बघून हे हसले, अन् मडमबी. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात मडमनं माझ्याकडं बोट करून कायतरी इच्यारलं. आता तुमीच सांगा, कामाला लावणारा माणूस बाईकडं बोट करतो तवा काय इच्यारतो? कोयता पुरा हाय का अर्धा, म्हंजी जोडी हाय का एकलाच, हेच न? मी पदर घेतला, पुढं झाले, म्हणलं, "रामराम मडम. आमी जोडीनं येतो. हे शिकवतील, मी पोरांची नाकं पुसीन, भाकरी करीन. लेकरू संगं असतंय, पण तरास न्हाई त्याचा, झाडाला झोळी बांधली की झोपतंय." ह्यांनी त्याचं फडाफडा इंग्रजी केलं — सातवीतली माझी इंग्रजी तिथं कुठं पुरती! मडमनं मान डोलवली. म्हणलं, झालं, सामान भरा.

न्हाई, साखर हाय, खाली बसली असंल, हलवा. — भरलं न मी. तवा, पोळपाट, झोळीची साडी. हे म्हणले, काय करतीस? म्हणलं, जायचं न? तर खाली बघून म्हणले — मी मडमला सांगितलं, ही माझी बहीण अन् लेकरू भाची.

कावून हसलात? हसू नका. कंपनीला बिनलग्नाचे लागतात म्हणं, बायका-लेकरांची सोय कोण करणार? नुसतं बोलण्यापुरतं, म्हणले, एक वरीस. मी म्हणलं, बरं, मंग राखी बांधू का? भांडले न्हाई, मामा, रोहिणीची आण. फकस्त तवापासून त्यांना दादा म्हणते. दादा, जेवा. दादा, पाणी काढलं अंघोळीचं. सासूबाई म्हणतात, आता सुनेवरून उतरवा.

माणूस वाईट न्हाई हो. पण वरीसभर तोंडानं बिनलग्नाचा म्हणून हिंडला की सवय लागती. पोरगी तर आत्ताच बोलायला लागली — तिला बाप म्हंजी फोनमधला मामाच वाटायचा. अन् ती मडम हसतीबी चांगली... तुमी काय मान खाली घालता? तुमीच न आमचं जमवलं? ह्यांच्या बापाला तुमीच म्हणलात — एकट्या पोराला अर्धी उचल, लगीन करा, पुरा कोयता होतो. हितं बायको न्हाई तर माणूस अर्धा, अन् तिथं बायको हाय तर माणूस बाद! दुनियेतल्या समद्या मुकादमांनी एकदा बसून एक काय ते ठरवा तरी!

उद्या सकाळी मडमचा शेवटचा फोन हाय. ह्यांना सांगितलं, दादा, मी न्हाई येत मधी, खुशाल बोला. मी न्हाई, पण गाव येणार न. काम जाईल म्हणता? मडमला पुरा माणूस पायजे असंल तर घेईल. — झाला न चहा? मंग उठा आता, मला लई कामं हायती. अन् जाता जाता एवढं करा: पारावर सांगा, गिरणीवर सांगा, कडूबाईच्या कानावर घाला म्हंजी वस्तीवर आपसूक जातंय. आमच्या लग्नात जेवलेल्या समद्यांनी उद्या सकाळी अंगणात यावं. तुमी पुढं बसा, फोनमधी दिसाल असं. अन् बंकट ताशेवाल्याला म्हणावं, मोकळ्या हातानं येऊ नको.