दोन्ही हातांचं मशीन

...आणि वर तो दुकानदार मलाच म्हणतो, "ताई, घाबरू नका!" मी? तुम्हाला सांगते, मी कुणाच्या बापाला भीत नाही! सगळा जन्म दगड घडवण्यात गेलाय माझा. पण त्याने ते दगड कापायचं ग्राइंडर असं घुंईंईं करून सुरू केलं, आणि मी दोन उड्यांत दुकानाच्या पायरीवर... पण भीत नाही हां मी!

म्हणाल, मग मशीन हवं होतं कशाला? अहो, गेटावर बसवायच्या दगडी सिंहाचं काम आलं होतं. छिन्नीने करत बसले असते तर आयाळ होईतो माझे केस गळले असते! म्हणून आमच्या ह्यांनी शेजारच्या फरशीवाल्याचं ग्राइंडर मागून आणलं. आता दगडकाम करणाऱ्यांची खोड कशी असते, की दोन घाव घालायचे आणि डाव्या अंगठ्याने चाचपायचं, रेघ सरळ गेली का. डोळ्यांवर आमचा भरवसाच नाही, जो काय आहे तो अंगठ्यावर. ह्यांनी एका हातात मशीन धरलं, आणि मोकळा अंगठा निघाला की सवयीने चाचपायला! चाक फिरतंय, आणि हे चाचपतायत! शेंडा गेला हो अंगठ्याचा. मी किंचाळतेय, रक्त वाहतंय, आणि हा माणूस म्हणतो काय? "रेघ सरळ होती गं!"

आता घरात धड अंगठा कुणाचा उरला? माझा! आणि त्यालाही तीच खोड!

म्हणून दुकानात. दुकानदाराने काढलं एक नाजूकसं. "हे घ्या ताई, एका हातात मावतं, दुसरा हात मोकळा!" म्हटलं, दादा, मोकळा हातच तर नकोय मला! दोन्ही हात गुंतवून ठेवील असं दाखवा! तर ह्यांनी बँडेज बांधलेला अंगठा एका धुडाकडे केला. "ते मोठं घेऊ." कशाला? ह्या खेपेला कोपरापासून घालवायचाय?

मग दुकानदाराने काढलं तिसरं. "ह्याचं बटण एकदा पुढे सरकवलं की सोडून द्या, आपोआप चालतं!" आणि बटण पुढेच ठेवून त्या बाबाने पिन खोचली की भिंतीत! अहो, ते मशीन टुणकन उडालं आणि काउंटरवर नाचायलाच लागलं! दुकानदार स्टुलावर, हे माझ्या पाठीमागे, आणि दोघंही मलाच ओरडतायत, "बंद करा! बंद कर!" मीच का? तर मी भीत नाही ना कुणाला! डोळे गच्च मिटले, आईचं नाव घेतलं आणि वायर हिसकली.

शांत झाल्यावर म्हटलं, आता ऐका माझं. बाजूला दांडा असलेलं द्या, म्हणजे डावा हात तिथे अडकेल. आणि बटण सोडलं की थांबलं पाहिजे. तो म्हणतो, "पण ताई, दाबून दाबून हात दुखेल की!" म्हटलं, दुखू दे! दुखायला हात तर राहील!

घेतलं तेच. डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं, केस गच्च बांधलेले, आणि हे स्विचबोर्डापाशी बसलेले, बोट बटणावर. मशीन घुंई करतंय, मी देवाचं नाव घेतेय, आणि डावा अंगठा... मेला दांड्यावर बसून नुसता वळवळतोय! जाऊ? बघू का? रेघ बघू का? असा आवळून धरला मी, निळा पडला! प्रत्येक रेघेला मशीन बंद करायचं, चाक थांबलं की चाचपायचं, पुन्हा देवाचं नाव घ्यायचं.

झाला एकदाचा सिंह. अंगठा शाबूत आहे, हा बघा! गेटाचे मालक आले, पुढून बघितलं, बाजूने बघितलं. म्हणाले, "बाई, काम झकास. पण हा सिंह असा भेदरल्यासारखा का दिसतो हो?"

म्हटलं, साहेब, एवढ्या जवळून त्याने माझंच तोंड बघितलंय... दुसरं काय शिकणार?