खाणीच्या वाटेनं

(तलासरीजवळच्या एका पाड्यावर, जानेवारी १९९३, गुरुवारची दुपार. नवशी अंगणात तूर झोडपते आहे. तिचा मुलगा मिथुन डहाणूच्या शाळेत मास्तर आहे.)

नवशी: तळ्यांच्या डोंगरावर पाड्यातूनच चढाया लागतं, पोरा. आपल्या घरामागनं वाट निघते. मधी सावली हाय, झरा हाय. म्हातारं मानूसबी दोन्ही तळी बघून येतं दिवस मावळायच्या आत.

मिथुन: पाड्यातून नाही न्यायचं. खाणीकडून चढायचं.

नवशी: खाणीकडून? तिकडं पायाखालचा दगड सुटतो. वरपर्यंत पान्याचा थेंब नाय. कोनी सांगला तुला?

मिथुन: मीच ठरवलंय. हे बघ, सगळं लिहून आणलंय. रविवारी सहाच्या एसटीनं डहाणूहून निघायचं, साडेसातला खाणीच्या फाट्यावर. दहाला धाकल्या तळ्याशी चहा-नाश्ता, बाराला थोरल्या तळ्याशी जेवण. तीनला उतरायला लागायचं. पाचची गाडी मिळेल.

नवशी: कागूद काय दाखवतोस मला? दहाला नाय पोचायचं. बायामानसं असली तर अकरा. बाया हायत?

मिथुन: दोन. नीलम आणि तिची आई. आणि वडील. श्यामकांत काका, डहाणू रोडला रेल्वेत पार्सल ऑफिसात असतात.

नवशी: नीलम म्हंजे ती तुझ्या शाळेतली बाई? जिच्याशी तुझं...

मिथुन: हो.

नवशी: आनि आता सांगतोस होय! मंग आदी घरी आन त्यांना. मी उद्या सारवून घेते. लाल कोंबडा हाय, तो कापू.

मिथुन: जेवण ते घरून आणणार आहेत. पुऱ्या, बटाट्याची भाजी.

नवशी: वरती खाऊ दे पुऱ्या. उतरताना इथं येऊ दे.

मिथुन: उतरायचंही खाणीकडूनच.

नवशी: इतक्या लांबची मानसं, घरावरनं जायची आनि पानीबी नाय प्यायची?

मिथुन: घरावरून जायचंच नाही, आये. तेच सांगतोय.

नवशी: बरं. मंग तुक्याला सांगितलंस का? तो नेईल.

मिथुन: तुक्या घोलवडला गेलाय, चिकूच्या वाडीवर. महिनाभर येत नाही. आत्ताच त्याच्या घरी जाऊन आलो. मला तर सहाव्या वर्षी आश्रमशाळेत टाकलं, खिंडीच्या पुढचं काही आठवत नाही. खाणीकडची वाट तर पाहिलेलीच नाही.

नवशी: मंग मी येते की! त्यात काय? मी नेते त्यांना. भाऊबीजेचं लुगडं हाय, ते काढते.

मिथुन: ते नको. रोजचंच नेस.

नवशी: फाटलंय ते.

मिथुन: असू दे. मी त्यांना सांगितलंय, वाट दाखवायला गावातली एक बाई ठरवलीय.

नवशी: बाई म्हंजे मीच ना?

मिथुन: तूच.

नवशी: मंग सांग की, माझी आयस येतेय वाट दाखवाया.

मिथुन: तेवढंच नाही सांगायचं.

नवशी: (झोडपायची काठी खाली ठेवते.)

मिथुन: असं बघू नको माझ्याकडे. एक दिवसाचा प्रश्न आहे.

नवशी: तू बोल. मी ऐकते.

मिथुन: फाट्यावर आम्ही उतरलो की तू तिथं उभी राहा. पाण्याची कळशी भरून घे, तिकडं पाणी नाही म्हणतेस तर. मला मिथ्या म्हणायचं नाही. सर म्हणायचं. सगळ्यांशी अहो-जाहो. आम्ही जेवायला बसलो की जरा लांब बस. ते देतील तुला पुऱ्या, पानावर. आणि नीलमला हात लावायला जाऊ नको, कौतुकानं वगैरे.

नवशी: पाय घसरला तिचा तर?

मिथुन: मी आहे.

नवशी: तुला ती वाट ठाऊक नाय म्हनालास.

मिथुन: आये, शब्दात पकडू नको.

नवशी: आनि खाणीवरचे लोक? मी चार वर्सं खडी फोडली तिथं. शुक्री, हिरू, सगळ्या मला मिथ्याची आयस म्हनूनच हाक मारतात.

मिथुन: रविवारी खाण बंद असते. मी विचारून ठेवलंय.

नवशी: सगळं विचारून ठेवलंस. तुला खरंच तळी दाखवायचीत का? दुसरा डोंगर नव्हता?

मिथुन: मी वर्गात मुलांना या तळ्यांबद्दल सांगत होतो, शेजारच्या वर्गातून नीलमनं ऐकलं. तेव्हापासून मागे लागलीय. तिच्या वडिलांनी कॅमेऱ्यात रोलसुद्धा घातला. आता नाही म्हटलं तर विचारतील, का नाही.

नवशी: बरं. आनि साकरपुडा?

मिथुन: होळीनंतर.

नवशी: तवा नेसू ना ते लुगडं?

मिथुन: तेव्हा बघू.

नवशी: बघू काय? तवा ती बाई मला वळखनारच. म्हनंल, ही तर डोंगरावरची कळशीवाली. मंग काय सांगशील तू?

मिथुन: (कागदाची घडी घालून खिशात ठेवतो.)

नवशी: मिथ्या. मी तवाबी नसनार ना?

मिथुन: तुला कळत नाही, आये. ते मुळात तयारच नव्हते. जातीवरून नीलमची आई दोन दिवस जेवली नाही. मग काका म्हणाले, मुलगा शिकलेला आहे, सरकारी नोकरी आहे, मागे घरचं कोणी नाही. आपल्यातलाच होऊन राहील. त्यावर सगळं ठरलं.

नवशी: घरचं कोनी नाय, हे त्यांना कोनी सांगला?

मिथुन: मी.

नवशी: माझं काय झालं म्हनून सांगितलंस?

मिथुन: साप चावला. पावसाळ्यात, भात लावताना.

नवशी: कंच्या साली?

मिथुन: काय करायचंय आता?

नवशी: मला ठाऊक नको?

मिथुन: चौऱ्याऐंशी.

नवशी: त्यांना वाईट वाटलं का?

मिथुन: नीलम रडली.

नवशी: चांगली पोर हाय मंग.

मिथुन: आये, तू येणार नसशील तर तसं सांग. मी आत्ताच दुसरं कोणीतरी शोधतो. हाल्या आहे, त्याला...

नवशी: हाल्या दुपारपासनं पिऊन असतो. तो मधल्या घळीत नेईल तुमाला. त्या पोरीचा पाय मोडंल.

मिथुन: म्हणजे येशील?

नवशी: सात वाजता उभी राहते फाट्यावर. सहा जनांचं पानी एका कळशीत नाय मावायचं.

मिथुन: पाच जणांचं. आम्ही चौघं आणि तू.

नवशी: पाच. हां. पोरीला सांग, चपला नको, बूट घाल. आनि तिच्या आयसला काठी मी तोडून ठेवते.

मिथुन: निघताना काका काही देतील तुला. घे. नको-नको करू नको, संशय येईल.

नवशी: घेईन.

मिथुन: आणि फार बोलू नको वाटेत.

नवशी: चार तास मुक्यानं चालली तर त्यांना बरं वाटंल का? वाटंत नवं मानूस भेटलं की कोनीबी विचारतं काय ना काय.

मिथुन: मग साधं काहीतरी विचार.

नवशी: सर, तुमी कंच्या गावचे?

मिथुन: आत्ता नको, आये.

नवशी: आत्ताच सांगा, सर. तिथं चुकायला नको.

मिथुन: आशागडचा. तसंच सांगितलंय त्यांना.

नवशी: घरी कोन कोन असतं?

मिथुन: ... कोणी नाही.

नवशी: असं थांबून नको बोलू. त्या पोरीला कळंल.