सोनटक्के सरांचं हमखास नोकरीचं पत्रक

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, आणि ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. शिकवणाऱ्यासमोर बसलेला माणूस गिऱ्हाईक कधी असतो, आणि शिष्य कधी होतो? मागच्या रांगेतले काका पुटपुटले — फी भरल्यावर! नाही हो काका. फी भरून गिऱ्हाईकच होतं. शिष्याचं काम वेगळं आहे.

तर कोळेगावचं कॉलेज. तिथं सोनटक्के सर बावीस वर्षं तर्कशास्त्र शिकवत होते. तर्कशास्त्र म्हणजे काय? समोरच्याचं बोलणं मान्य करायच्या आधी तपासून घ्यायचं — घरी वापरू नका, जेवण मिळत नाही! सरांचा त्या विषयावर भारी जीव. आणि वरून नवं धोरण आलं. विषय मुलांनीच निवडायचे, वीस मुलं झाली नाहीत तर विषय बंद.

झालं! प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात मांडव पडला, एकेक विभाग टेबल टाकून बसला. पर्यटनवाले सरबत वाटतायत, जाहिरातकलेवाले पेन वाटतायत — "या ताई, बघून तर जा." पीएचडी झालेली माणसं हो ही! सोनटक्के सरांच्या टेबलाशी दुपारपर्यंत चार पोरं. त्यातली दोन सावलीला उभी.

प्राचार्या नलवडे मॅडम आल्या. म्हणाल्या, "सर, माल चांगला आहे, पाटी जुनी आहे. नाव बदला."

सरांना राग आला. पण बावीस वर्षांचा विषय डोळ्यांदेखत बंद पडताना बघवेना. तिथंच बसून नवं पत्रक लिहिलं — 'स्मार्ट निर्णयकौशल्य : हमखास नोकरी'. संध्याकाळपर्यंत नावं किती? एकशे साठ! सर शीळ घालत घरी गेले. मनात टोचत होतं, म्हणून शीळ जरा मोठ्यानं.

पहिला तास. वर्ग गच्च भरलेला. सवयीनं हातात खडू आला आणि सरांनी दरवर्षीचं पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलं : 'पुराव्याशिवाय कोणाचाही दावा मान्य करू नये.' अहो, आपल्याच हातानं पायावर धोंडा!

तिसऱ्या बाकावरची रुखसार अत्तार उभी राहिली. "सर, पत्रकात हमखास नोकरी लिहिलंय. पुरावा काय?"

आता सांगा मंडळी, सरांनी करावं काय? खोटं बोलावं तर पोरं राहतात, पण फळा पुसावा लागतो. खरं बोलावं तर फळा राहतो, पोरं जातात!

सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "पुरावा नाही, बाळ. तुम्ही यावं म्हणून लिहिलं. माझं चुकलं. हे जुनं तर्कशास्त्रच आहे. विषय बदलायला शनिवारपर्यंत मुदत आहे."

बाकं सरकली. उरले अकरा. रुखसार तर सगळ्यांत आधी गेली! सरांना फार वाईट वाटलं, तरी त्या अकरा जणांना त्यांनी तासभर शिकवलं.

आणि रुखसार कुठं गेली? थेट पर्यटनाच्या विभागात, मागं सगळी पलटण. "सर, परदेशात नोकरी लिहिलंय. पुरावा?" ते म्हणाले, "आगाऊपणा करू नकोस." मग जाहिरातकलेकडे. "मॅडम, पुरावा?" उत्तर आलं, "पेन घे आणि नीघ."

शनिवारी ती सरांच्या वर्गाच्या दारात उभी. मागं बारा जण. म्हणाली, "सर, सगळीकडे विचारून आलो. खरं उत्तर इथंच मिळालं. आमची नावं राहू द्या."

अकरा आणि तेरा, चोवीस! विषय वाचला — या वर्षापुरता हं, पुढच्या धोरणाचं मला विचारू नका. सरांनी नुसतं बाकांकडे बोट दाखवलं.

कळलं का मंडळी? ऐकणाऱ्यानं विचारलं, आणि सांगणाऱ्यानं नुकसान सोसून खरं सांगितलं. तिथं गिऱ्हाईक संपलं आणि शिष्य झाला.

आता तुमच्याकडे येतो! पोराला कॉलेजात घालताना फ्लेक्सवरचे चेहरे बघता, पुरावा मागता का कधी? लांब कशाला जायचं. बाहेर दारावर कमिटीनं माझ्या कीर्तनाचा बोर्ड लावलाय, 'श्रवणाने मनःशांती हमखास'. तुम्ही तो वाचलात, चपला काढल्यात, दोन तास बसलात. एकानंही मला विचारलं नाही. तर मीच सांगतो, पुरावा नाही माझ्याकडे. आता बोला, किती जण बसताय?