टाकी बारा मिनिटांची

...आणि वर सगळे मलाच शहाणपण शिकवणार, "ग्रिम, साठी उलटली तुझी, आता तरी सेलवरची गाडी घे आणि गप बस!" अहो, सेलवरची कशी घेऊ? इथं कॅनडात, विनिपेगच्या तळ्यावर, उणे सत्तावीसात, सेल दहा मिनिटांत मान टाकतात! माझा रिमोटवरचा ट्रक हातभर लांब असेल, पण खऱ्या इंजिनाचा आहे, नायट्रो नावाचं तेल पितो, धूर ओकतो, आणि आवाज असा की करवतीनं कान सोलावा. पण नखरे? तुम्हाला सांगतो, नव्या नवरीचे परवडले! आधी बायकोच्या ड्रायरनं इंजिन शेकायचं, नाहीतर सुरूच होत नाही. मग रिमोटचे हुकूम झेलणाऱ्या रिसीव्हरला बर्फाचं पाणी लागू नये म्हणून तो फुग्यात घालून वर गाठ मारायची. मग इंजिनाच्या डोक्याला स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळायचा, ऊब धरून राहावी म्हणून. घरी आणला की पुसा, वाळवा, बेअरिंगना तेल पाजा... माझ्या आईनं माझं केलं नाही एवढं! आणि एवढं करून पळणार किती? बारा मिनिटं. टाकी बारा मिनिटांची, तेराव्याला इंजिन बंद. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका, त्या दिवसापासून मी स्वतःलाही तेच सांगतोय.

तर तो दिवस. दुपारचे दोन, ऊन लख्ख. माझी बायको रूना तळ्यावर, किनाऱ्यापासून दोन किलोमीटर आत, गोठलेल्या तळ्याखाली लावलेली जाळी उचलत होती. माझी कंबर गेल्यापासून ते काम ती आणि तिचा धाकटा भाऊ केतिल करतात, आणि मी काय करतो, ते रूना गावभर सांगते. केतिल माशांची खेप घेऊन स्नोमोबिलवर किनाऱ्याला आलेला. मला बघून म्हणाला, "काय दाजी, बाळाला फिरायला नेताय वाटतं?" मी लक्ष दिलं नाही. ट्रक सुरू केला, सोडला, दाबला वेग... आणि तो जो सुटला! डावीकडे वळवतोय, वळत नाही. थांबवतोय, थांबत नाही! आता तुमच्यापासून काय लपवायचं, ऊब राहावी म्हणून तो चंदेरी कागद मी जरा जास्तच मायेनं गुंडाळला होता, आणि एरियलची तारच आत गुंडाळली गेली. कागदातून सिग्नल जाईल कसा? आणि सिग्नल तुटला की थांबायचं, हे त्या रिसीव्हरला शिकवून ठेवायचं असतं, ते मी गेली तीन वर्षं उद्यावर ढकलत होतो. त्यामुळे शेवटचा हुकूम कायम... सरळ, पूर्ण वेगानं, तळ्याकडे!

केतिल हसून हसून खाली बसला. आणि मग त्याचं हसू थांबलं, कारण त्यानं वर पाहिलं होतं.

पांढरं आलं. इथल्या माणसाला एवढंच सांगितलं तरी पुरतं. वारा उठतो, बर्फ उडतं, वर-खाली, पुढे-मागे, काही उरत नाही. पाच मिनिटांत तळं गेलं, आभाळ गेलं, केतिलची स्नोमोबिल दहा पावलांवर होती ती गेली. आणि रूना आत, पायी. जाळ्यांसाठी बर्फात पाडलेली भोकं उघडी, त्यापलीकडे बर्फाला भेग गेलेली. केतिल निघाला तसा मी त्याचा कोट धरला. एक आत होतीच, दुसरा कशाला घालवू? पिकअपचा हॉर्न धरून बसलो, पण वारा तळ्याकडून आमच्याकडे, हॉर्न आमच्याच कानात शिरत होता. एकतीस वर्षांचा संसार, आणि मला त्या क्षणी एवढंच आठवत होतं की सकाळी मी तिच्याशी ड्रायरवरून भांडलो होतो.

आणि त्या पांढऱ्यात, लांब, माझा ट्रक ओरडत होता. घड्याळात पाहिलं. नऊ मिनिटं. दहा. बारा झाली की तोही गप्प होणार, कारण टाकी बारा मिनिटांची!

बारा झाली. तेरा. वीस.

वाऱ्यानं भास होतोय म्हणावं, तर केतिललाही ऐकू येत होतं. आणि तुम्हाला सांगतो, ती सुटलेली गाडी वाटत नव्हती हो. सुटलेली गाडी एकाच पट्टीत किंचाळते. हिचा आवाज कमी व्हायचा... थांबायचा... जणू कुणाची वाट बघतेय... मग हलकेच वाढायचा. कुणीतरी चालवत होतं. रिमोट माझ्या हातात होता! मी तो बंद केला. आवाज तसाच. मी त्यातले सेल काढून खिशात घातले. आवाज जवळ आला.

चाळीस मिनिटांनी ट्रक पांढऱ्यातून बाहेर आला, माणसाच्या चालीनं, रमतगमत. मागे दहा पावलांवर रूना, भुवयांवर बर्फ, एक हातमोजा हरवलेला. ट्रक माझ्या बुटापाशी आला आणि बंद पडला. मी रूनाला मिठी मारली, आणि मग उगाच, काहीतरी करायचं म्हणून, इंजिनाला हात लावला. गार. दगडासारखं गार. टाकीचं झाकण उघडलं, तर आत तेलाचा थेंब नाही, तळाशी हिमाचे काटे फुललेले. कितीतरी वेळ रिकामी असल्याशिवाय फुलत नाहीत ते.

मी तोंड उघडणार, एवढ्यात केतिलनं मला कोपरानं ढोसलं. रूना आली त्या वाटेवर ट्रकची चाकं उमटलेली, तिचे बूट उमटलेले, आणि चाकांच्या शेजारून तिसरी पावलं. अनवाणी. बर्फात रुतलेली नव्हती ती, वर सांडलेली होती... ओल्या पायांची, पाण्याची, गोठून काचेसारखी झालेली. तळ्याच्या काठाशी येऊन संपलेली. केतिलनं बुटानं त्यांवर बर्फ लोटलं आणि पुटपुटला, "आमचाच आहे. आजोबांच्या बोटीवरचा, बुडालेला. ताईला बोलू नका दाजी. घरात नाव निघालं की तो राहायला येतो."

घ्या! इथं जुन्या घराण्यांना एकेक भूत असतंच, आइसलंडहून बोटीतून आलेलं, तिकीट न काढता. सासरी आहे, आमच्याकडे नाही, त्यावरून लग्नात मी टोमणे खाल्लेत. पण म्हणून त्यानं माझी गाडी चालवावी? आणि माझ्यापेक्षा चांगली?

रूनानं त्या रात्री कॉफीचा कप पुढे केला, साखरेचा खडा दाताखाली धरला, आणि माझा हात हातात घेतला. म्हणाली, "भेग आली की गाडी थांबवत होतास. मी पडले तेव्हा मागे फिरवलीस. मला वाटलं, हा माणूस मला बघतोय." आणि रडली. रूना! जी स्वतःच्या आईला पुरताना रडली नाही! खरं सांगावं तर तो राहायला येतो. मी म्हटलं, "हं."

आता ती सगळ्या गावाला सांगते, चर्चमध्ये, दुकानात, मासे तोलताना... "माझ्या ग्रिमनं आणलं मला!" लोक पाठ थोपटतात. मी मान खाली घालून उभा. एकतीस वर्षांत एकदा बायकोची शाबासकी मिळाली, तीही दुसऱ्याच्या वाट्याची... आणि परत करायची म्हटलं, तर त्याचं नाव घेऊन हाक मारावी लागते हो.