अकरा नंबरची गाडी

दिंडोशीला बसच्या रांगेत माझ्या पुढे सहदेव आणि त्याचा मित्र लवू उभे होते. सहदेवच्या काखेत भलंमोठं स्टिअरिंग होतं.

"सहदेव, तुझा तो मिल्ट्रीचा पाण्याचा ट्रक झाला काय रे पुरा?"

"झकास. दोन वर्षं घासलाय. लढाईत होता तसाच दिसतो."

"मग आज जुन्या गाड्यांच्या रॅलीत नेणार होतास ना?"

"टाकी गळते का बघायला काल विहिरीचं पाणी भरलं."

"गळली?"

"थेंबभर नाही. तिथेच वाट लागली. कॉलनीत नेमकं नळाला पाणी नाही. बायका हंडे घेऊन आल्या. ट्रकच्या तोटीला हळदकुंकू वाहिलं."

"सुगंधावहिनींनी समजावलं नाही त्यांना?"

"पहिला हंडा तिचाच."

"पहाटे गुपचूप काढायचास ना, यार."

"बायकांनी चारही चाकांखाली पाटे लावलेत. एक आमच्याच घरचा."

"मग निदान तो सरकवायचा."

"त्याच्यावर सासूबाई बसल्यात."

"आणि हे स्टिअरिंग?"

"ओरिजिनल आहे. रॅलीत मला अकरा नंबर दिलाय. दहा आणि बाराच्या मध्ये जाऊन उभा राहतो."